आख्खं पोर दाखवा

बाहेरगावचा उपदेशक आमच्या मंडळीत बोलवायचा म्हटलं की सेक्रेटरी म्हणून मला दोन पत्रं लिहावी लागतात. एक आमंत्रणाचं आणि एक माफीचं. माफीचं मी आधीच लिहून ठेवतो, फक्त तारखेची जागा मोकळी सोडतो. याला कारण राहीबाई पाटोळे.

सोनईपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव. मिशनच्या काळातलं दगडी चर्च, मागे दफनभूमी, आणि चर्चात बायकांच्या बाजूला पहिल्या सतरंजीवर राहीबाई. वय बहात्तर, उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. तीस वर्षं त्या मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया होत्या. दवाखाना बंद पडला, बाई रिकाम्या झाल्या, आणि अशा रिकाम्या बाईला मी, वैजनाथ मकासरे, प्राथमिक शिक्षक, वाचायला शिकवलं. माझ्या हातून झालेली ही चूक मी कुणापुढेही कबूल करायला तयार आहे.

वाचता येत नव्हतं तोवर पाळक सांगतील ते खरं होतं. वाचता यायला लागल्यावर त्यांनी शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट ठेवून वाचलं. त्याला दोन वर्षं लागली. शेवटचं पान झालं तसं त्यांनी पुन्हा पहिलं उघडलं. खुणेला दवाखान्यातून आणलेल्या गॉजच्या पट्ट्या. त्या मोठ्या अक्षरांच्या पुस्तकातून आता इतक्या पट्ट्या लोंबतात की त्याला अपघात झाला असावा असं वाटतं.

त्यांची तपासायची रीतही वॉर्डातलीच. मूल जन्मलं की आधी श्वास बघायचा, मग हात, मग पाय, बोटं मोजायची, मग उलटं करून पाठ बघायची. उपदेशकाने एखादं वचन उचलून उंच धरलं की राहीबाई खालून म्हणतात, "नुसता हात दाखवू नका साहेब, आख्खं पोर दाखवा." म्हणजे त्याच्या आधीचं काय आहे आणि नंतरचं काय आहे, तेही वाचा.

एकदा पुण्याकडचे एक उपदेशक आले. बायकांनी मंडळीत गप्प राहावं, हा त्यांचा विषय. राहीबाई एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, प्रकृती बरी नसेल. उपदेश संपला, गीत सुरू झालं, आणि एकाही बाईने तोंड उघडलं नाही. आम्ही पुरुषांनीच ती चार कडवी ओढत नेली. पेटी एकीकडे, आम्ही दुसरीकडे. नंतर जेवणाच्या पंगतीत पाहुण्यांनी मीठ मागितलं, तर वाढणाऱ्या बायका नुसत्या त्यांच्याकडे बघत उभ्या. शेवटी पाहुण्यांनी वैतागून विचारलं, "या बोलत का नाहीत?" तेव्हा राहीबाईंनी पुस्तक त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि त्यांचं वचन ज्या पत्रातलं, त्याच पत्रात तीन अध्याय आधी बोट टेकवलं. तिथे प्रेषित पौल बायकांनी मंडळीत प्रार्थना करताना डोक्यावर पदर घ्यावा असं सांगतो. "गप बसून प्रार्थना कशी करायची, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या, "मंग मीठ देते." त्या वेळी माफीच्या पत्रावर लगेच तारीख पडली.

दशांशाचा आग्रह धरणारे एक आले होते, त्यांना राहीबाईंनी परसातल्या कोथिंबिरीच्या दर दहा काड्यांतली एक अशी जुडी बांधून दिली. ते रागावले. शास्त्रात पुदिना आणि जिऱ्याचा दशांश देणाऱ्यांना प्रभूने काय सुनावलंय ते वाचल्यावर आणखी रागावले. असो.

नवे पाळक, रेव्हरंड आमोस ओहोळ, गेल्या वर्षी आले. वय चौतीस, कडक इस्त्रीचा शर्ट, सेमिनरीच्या दोन पदव्या आणि लॅपटॉप. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची खोड. त्यांच्या स्वागताला हार घालून झाल्यावर राहीबाई माझ्या कानाशी आल्या.

"मास्तर, ह्याला म्या वळखते. कारभारी ओहोळाचं पोरगं. आमच्या दवाखान्यात जन्मलं. निळं पडलं हुतं. ह्याचा बाप्तिस्मा म्याच केलाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही?"

"मंग कोन? पाळक सोनईला गेल्ते आन् पोर चाललं हुतं. पानी लावलं, नाव घेतलं. कुनाला बोलू नगा."

तेव्हाची पद्धतच तशी होती. मूल हातचं जातंय असं दिसलं आणि पाळक गावात नसले, की मेट्रन आयाबाईलाच सांगायची, पाणी घे. नाव शोधायला वेळ कुठला? म्हणून मुलगा असला की राहीबाई दाविद म्हणत आणि मुलगी असली की रूथ. जगलेल्या लेकरांना आईबाप पुढे चर्चात आणत, त्यांना दुसरी नावं ठेवत, आणि पाळक पुन्हा पाणी न लावता नुसती वहीत नोंद करत. जी जगली नाहीत, त्यांना कुणी आणलं नाही, त्यामुळे त्यांची नोंदही झाली नाही.

हे सगळं कुणी उकरून काढलं नसतं. पण यंदा फेब्रुवारीत पाळकसाहेबांच्या मनात आलं की दफनभूमीच्या फाटकाशी काळ्या ग्रॅनाइटचा एक फलक लावावा आणि आत जे जे निजले आहेत त्या सगळ्यांची नावं त्यावर कोरावीत. कल्पना छान होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी तक्ता केला आणि नियम काढला: बाप्तिस्म्याच्या वहीत नोंद असेल त्याचंच नाव.

रेश्मा साळवे अंगणवाडीत मदतनीस आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा त्याच दवाखान्यात जन्मला आणि चाळीस मिनिटं जगला. भिंतीकडच्या लिंबाखाली त्याची वीतभर कबर आहे. दर ईस्टरच्या आधी आम्ही सगळे कबरींना चुना लावतो तेव्हा रेश्मा त्या कबरीला कुणाला हात लावू देत नाही. ती पाळकसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, "माझ्या दाविदाचं नाव घ्या." साहेबांनी वही बघितली, तक्ता बघितला, आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, की आयाबाईने दिलेला बाप्तिस्मा धरता येत नाही, त्याला दीक्षा झालेला पाळकच लागतो. देव लेकरावर दया करो.

रेश्मा तिथून निघाली ती थेट राहीबाईंच्या दारात. मी तेव्हा त्यांच्या ओट्यावरच बसलो होतो.

"बाई, तवा तुमी मला म्हनला हुता, देव त्याला नावानं वळखतो. ते खरं हुतं, का नुसती माझी समजूत काढली?"

ज्या बाईने पुण्याच्या उपदेशकाला मिठासाठी ताटकळत ठेवलं, ती मांडीवरच्या पुस्तकातल्या पट्ट्या सारख्या करत बसली. रेश्मा निघून गेली.

"मास्तर," मग राहीबाई म्हणाल्या, "म्या आसं अकरा बायांना सांगितलंय. अकरा लेकरं ह्या हातात गेली. ते खोटं निघालं तर म्या त्या बायांना फसवलं, असंच की न्हाई?"

त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, त्यात काय एवढं? पाळकसाहेबांना सांगा की तुमचा स्वतःचा बाप्तिस्मा कुणी केला. एका वाक्यात प्रकरण मिटतंय.

त्या माझ्यावर अशा कडाडल्या की कोंबड्या उठून पळाल्या. "त्यो भ्याला आन् व्हय म्हनला, तर रेश्माला काय मिळंल? दगडावर नाव येईल. पन खरं हाय का न्हाई, ते तसंच ऱ्हाईल. शास्त्रातनं निघालं पायजे. आन् न्हाई निघालं, तर न्हाई." त्यांनी मला शपथ घातली. दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवून तीन आठवडे मीटिंगांची इतिवृत्तं लिहायची म्हणजे काय शिक्षा असते, ते कुठल्याही सेक्रेटरीला विचारा.

ते तीन आठवडे राहीबाई रोज चहाच्या वेळेला पुस्तक घेऊन माझ्याकडे यायच्या. नव्या पट्ट्या कापून कापून माझ्या घरातलं गॉजचं बंडल संपलं. एक प्रश्न मात्र त्या अधूनमधून उगाच काढायच्या. "मास्तर, बाप्तिस्म्याला पिता, पुत्र, पवित्र आत्मा, आशी तिन्ही नावं घेत्यात. मधीच थांबलं तर धरत्यात का वो?" मी त्यांना दाखवलं की प्रेषितांनी काही ठिकाणी नुसत्या येशूच्या नावानेही बाप्तिस्मा दिलेला आहे. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि हं म्हणाल्या. हा मुद्दा कुणीच काढलेला नव्हता. मी वयाला दोष दिला.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी सकाळी दहाला पंचांची मीटिंग भरली. दगडावर कोरणाऱ्याला यादी त्याच दिवशी द्यायची होती. पाच पंच, पाळकसाहेब, मी, समोर रेश्मा आणि राहीबाई, आणि राहीबाईंनी सोबत आणलेले गनीभाई. गनीभाई दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होते.

"तो बाप्तिस्मा झाला याला साक्षीदार आहे का?" साहेबांनी विचारलं.

गनीभाई टोपी सारखी करून उभे राहिले. "मी हाय साहेब. पानी म्याच आनलं. नळाचं थंडं आनलं तर बाई मलाच झापायला लागल्या. म्हनल्या, कोमट आना, पोराला हुडहुडी भरंल. परत पळत गेलो, किटलीतलं गरम मिसळून आनलं. नाव घेतलं ते ह्या कानानं ऐकलं."

एक पंच पुटपुटले, "मुसलमानाची साक्ष मंडळीत चालती का?"

"क्रूसाखाली हुबं राहून, ह्यो देवाचा पुत्र हुता, आसं कोन म्हनलं?" राहीबाईंनी विचारलं. "रोमी शिपाई. त्यो कोन्त्या मंडळीचा मेंबर हुता?"

गनीभाईंना बसायला खुर्ची देण्यात आली. हे वाक्य इतिवृत्तात आहे.

मग साहेबांनी आपलं म्हणणं मांडलं, आणि ते वेडंवाकडं नव्हतं. बाप्तिस्मा द्या ही आज्ञा प्रभूने शिष्यांना दिली, वाटेल त्याला नाही. प्रत्येकजण पाणी घेऊन उठला तर मंडळीत शिस्त राहणार नाही. राहीबाईंनी मान हलवली आणि पहिली पट्टी उघडली.

"फिलिप्पाला कशासाठी नेमलं हुतं, साहेब?"

"विधवांच्या जेवणाच्या व्यवस्थेसाठी. पण प्रेषितांनी त्याच्यावर हात ठेवले होते."

"व्हय, पंगतीत वाढायसाठी ठेवले. त्या वाढप्यानं वाटंत कूश देशाच्या खजिनदाराला बाप्तिस्मा दिला. दिला का न्हाई? आन् पौलाला कुनी दिला? हनन्यानं. त्यो कोन हुता? निस्ता शिष्य म्हनून लिव्हलंय. म्या मागचं-पुढचं समदं बघितलं, त्याला दुसरी पदवी न्हाई."

साहेबांनी ते शोधलं, वाचलं. एवढं मी त्यांच्याबद्दल म्हणेन, की माणूस खरंच वाचतो. "ठीक आहे," ते म्हणाले, "पण ते पुरुष होते. एखाद्या बाईने असा विधी केल्याचं शास्त्रात कुठे आहे?"

आता माझ्याने राहवेना. समोर हा माणूस बसलाय, स्वतः बाईच्या हातचा, आणि बाईलाच विचारतोय! "पाळकसाहेब," मी उठलोच, "तुमचा स्वतःचा..."

माझ्या पायाच्या अंगठ्यावर राहीबाईंची टाच पडली. तीस वर्षं वॉर्डात उभी राहिलेली टाच होती ती.

"तुमचा सोताचा जानेवारीतला उपदेश," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "मास्तरांना लई आवडला हुता. लेकरांच्या बाप्तिस्म्यावरचा. सांगा की मास्तर, वहीत लिव्हलाय न्हवं तुमी?"

मी डोळ्यांतलं पाणी पुसत वही काढली. रस्त्यावरच्या नव्या हॉलात दुसऱ्या पंथाची मंडळी भरते, तिथे फक्त मोठ्यांना आणि फक्त बुडवूनच बाप्तिस्मा देतात. त्यांना उत्तर म्हणून साहेबांनी जानेवारीत शिकवलं होतं, की जुन्या करारात आठ दिवसांच्या लेकराची सुंता होत असे, त्या सुंतेच्या जागी आता बाप्तिस्मा आला, म्हणून आपण तान्ह्यांनाही देतो. मी वाचून दाखवलं.

"बरूबर हाय का साहेब?"

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले.

राहीबाईंनी जुन्या करारातल्या निर्गमाच्या पुस्तकातली पट्टी उघडली. "मोशे मिसरला चालला हुता. वाटंत मुक्काम पडला आन् जिवावर बेतलं. का, तर लेकराची सुंता केली नव्हती. तवा त्याच्या बायकूनं काय केलं? सिप्पोरानं? गारगोटी घेतली आन्..."

त्यांनी पुढचं हातवाऱ्यांसकट सांगितलं. पाचही पंच सतरंजीची नक्षी बघायला लागले. गनीभाईंनी छताकडे बघितलं.

"याजक नव्हता, गडबड हुती, बाईनं हात घातला. आन् देवानं ते धरलं. जीव वाचला. सिप्पोरा कोन्त्या सेमिनरीत शिकली हुती, साहेब?"

साहेबांनी पान उघडलं. आधीचं वाचलं, नंतरचं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. रेश्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही," शेवटी ते म्हणाले. "पण वहीत नोंद नाही, तिचं काय?"

"पौलबी म्हनतोय, करिंथात ह्याला दिला, त्याला दिला, स्तेफनाच्या घरच्यांना दिला, आनिक कुनाला दिला आसंल तर आठवत न्हाई. म्हंजी त्याच्यापाशीबी वही नव्हती."

साहेब आधी हसले, मग पंच हसले. यादीत शेवटची ओळ मी माझ्या हाताने लिहिली: दाविद रेश्मा साळवे. उरलेल्या दहा बायांना निरोप धाडायचं त्याच बैठकीत ठरलं, आणि त्यासाठी कोरणाऱ्याकडून दोन दिवस मागून घेतले. रेश्मा राहीबाईंच्या पाया पडायला वाकली तर त्या खेकसल्या, "माझ्या न्हाई, सिप्पोराच्या पड."

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे दफनभूमीत चुना लावत होतो. एप्रिलचं ऊन, फाटकाशी नवा फलक, बादल्यांत कालवलेला चुना. साहेब बाह्या दुमडून आले आणि राहीबाईंपाशी उभे राहिले. मी दोन कबरी सोडून होतो. सेक्रेटरीला ऐकू येतंच.

"राहीबाई, मीटिंग झाल्यावर मी आईला फोन केला होता. केडगावला. हरलो म्हणून सांगितलं. कुणाकडून हरलो ते ऐकून ती हसायलाच लागली. मग तिने सगळं सांगितलं."

"फोन मीटिंगच्या आधी का नंतर?"

"नंतर."

"ऐकलं का मास्तर? नंतर!" बाईंचं तोंड असं फुललं की विचारू नका.

"मला एकच विचारायचंय," साहेब म्हणाले. "माझ्या वेळी तुम्ही कोणते शब्द म्हणालात?"

राहीबाई बोटांवरचा वाळलेला चुना खरवडायला लागल्या. बराच वेळ खरवडला.

"पित्याच्या म्हनले. पुत्राच्या म्हनले." 'साहेब', 'तुमी' सगळं गेलं, त्या एकदम 'तू'वर आल्या. "आन् तेवढ्यात तू बोंबललास."

"आणि पवित्र आत्मा?"

"ऱ्हायला. आरं, निळं पोर बोंबललं! मेट्रन पळत आली, तुझी आई रडतीया, म्या हसतीया. नाळ बांधली, फुसलं, गुंडाळलं. मला आठवलं तवा तू दूध पीत हुतास. म्हनलं जाऊ दे, देवाला कळलं आसंल कुनाचं नाव ऱ्हायलं ते."

चौतीस वर्षं! "तिन्ही नावं, मधीच थांबलं तर धरत्यात का वो?" मी हातातला ब्रश बादलीत टाकला.

दोन नावांवर घेतलेली दीक्षा, त्यावर लावलेली लग्नं, दिलेले बाप्तिस्मे, सगळा तक्ता साहेबांच्या डोळ्यांपुढून जात असणार. मग त्यांनी इस्त्रीच्या पँटीसकट चुन्याने माखलेल्या गवतात गुडघे टेकले.

"पुरं करा."

"हितं?"

"कूशाच्या खजिनदाराने वाटेतच घेतला होता," साहेब म्हणाले.

राहीबाईंनी प्यायच्या पाण्याचा तांब्या उचलला. त्यात पालथा हात बुडवून बघितला. "उन्हानं कोमट झालंय. चालंल." त्यांनी ओंजळभर पाणी साहेबांच्या डोक्यावर सोडलं. "दाविद..."

"आमोस," साहेब खालून म्हणाले.

"ते मागनं ठेवलं. माझ्याकडं समदी पोरं दाविदच. आन् पवित्र आत्म्याच्या नावानं. आमेन. आता बोंबल."

आम्ही हसलो. साहेबही हसले, आणि त्यांचे डोळे नुसत्या तांब्यातल्या पाण्याने ओले नव्हते.

रेश्मा लिंबाखाली ब्रश हातात धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती हसत नव्हती.

"बाई, आन् माझ्या दाविदाचं? त्याचं पुरं म्हनला हुता का?"

राहीबाईंच्या चेहऱ्यावरचा सगळा खट्याळपणा गेला. त्या उठून तिच्यापाशी गेल्या.

"पुरं म्हनले, रेश्मा. आमेनसुदिक. त्यो मधी रडलाच न्हाई."

रेश्माने ब्रश बुडवला आणि त्या वीतभर कबरीवर चुन्याचा दुसरा हात द्यायला बसली.